हिरे, वलय आणि एक बदनाम आजार

एप्रिल १९८७च्या आरंभी जिनिव्हा येथील सरोवराच्या काठी उभारलेल्या एका भव्य तंबूत सोदबीज या लिलावसंस्थेने विंडसरच्या डचेसचे, म्हणजेच वॉलिस सिम्प्सनचे दागिने विक्रीस काढले. जिच्याशी विवाह करता यावा म्हणून इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने १९३६ साली सिंहासनाचा त्याग केला, ती ही स्त्री. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये तिचे निधन झाले होते. ज्या फ्रान्सने या दांपत्याला आयुष्यभर आसरा दिला, त्या देशाची उतराई म्हणून तिने आपल्या संपत्तीचा मोठा वाटा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटला वैद्यकीय संशोधनासाठी ठेवला होता. राजाने प्रेमाने दिलेल्या वस्तूंचे असे जाहीर मोल होत असताना दूर लॉस एंजेलिसमध्ये आपल्या जलतरण तलावाशेजारी बसून एक स्त्री दूरध्वनीवरून बोली लावत होती. तिला हवा होता तो प्रिन्स ऑफ वेल्सच्या मानचिन्हाच्या आकाराचा, तीन पिसांचा हिरेजडित ब्रोच. ६ लाख २३ हजार डॉलरना तो तिला मिळाला. ही स्त्री म्हणजे हॉलिवूडची सम्राज्ञी एलिझाबेथ टेलर.

या खरेदीत दोन गोष्टी विशेष होत्या. तोवर तिच्या अंगावर झळकलेले मोलाचे जडजवाहीर बहुतांशी पतींनी आणि चाहत्यांनी दिलेले. स्वतःच्या पैशाने घेतलेला पहिला महत्त्वाचा दागिना हाच, असे तिने पुढे नमूद केले आहे. दुसरी गोष्ट अशी, की हा पैसा कुठे चालला आहे हे तिला नेमके ठाऊक होते. १९८३ साली ल्यूक माँतान्ये आणि फ्रान्स्वाज बारे-सिनुसी यांनी ज्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एड्सचा विषाणू वेगळा केला, त्याच संस्थेच्या तिजोरीत तो जाणार होता. आणि त्या विषाणूशी चाललेल्या झुंजीत एलिझाबेथ टेलर दोन वर्षांपूर्वीच उतरली होती.

तिचा जन्म २७ फेब्रुवारी १९३२चा, लंडनमधला. आईवडील मात्र अमेरिकी. वडील फ्रान्सिस टेलर चित्रांचे व्यापारी, तर आई सारा हिने विवाहापूर्वी रंगभूमी गाजवलेली. १९३९ साली युद्धाचे ढग दाटू लागताच हे कुटुंब अमेरिकेत परतले आणि लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. चित्रपटांच्या त्या नगरीत निळ्या-जांभळ्या डोळ्यांच्या देखण्या मुलीकडे निर्मात्यांचे लक्ष न जाते तरच नवल. १९४२ मध्ये पहिला चित्रपट, लगोलग एमजीएमशी करार आणि १९४४च्या 'नॅशनल व्हेल्व्हेट'मधील घोडेवेड्या मुलीच्या भूमिकेने थेट कीर्तीच्या शिखरावर, असा तिचा प्रवास झाला. तेव्हा ती बारा वर्षांची होती. स्टुडिओच्या आवारातच शाळा, स्टुडिओनेच ठरवलेले कपडे. सामान्य बालपण तिच्या वाट्याला आलेच नाही.

पुढची कारकीर्द वाचकांना परिचित आहे. १९५१चा 'अ प्लेस इन द सन', १९५६चा 'जायंट', १९५८चा 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' असे एकापेक्षा एक चित्रपट तिने केले. 'बटरफील्ड एट' आणि 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' या चित्रपटांसाठी तिला ऑस्कर मिळाले. यांतील दुसरे ऑस्कर निर्विवाद तिच्या अभिनयाचे. पहिले मात्र, १९६१च्या वसंतात लंडनमध्ये न्यूमोनियाने तिला मृत्यूच्या दारात नेले आणि श्वासनलिकेला छेद देऊन तिचा जीव वाचवावा लागला त्या सहानुभूतीचेही होते, असे म्हणण्यास जागा आहे. १९६३च्या 'क्लिओपात्रा'साठी तिने दहा लाख डॉलरचा करार केला तेव्हा साऱ्या चित्रपटविश्वाचे डोळे विस्फारले. रुग्णालयाशी तिचे नाते जन्मभराचे राहिले. पाठीचे दुखणे, शस्त्रक्रिया, वेदनाशामकांची सवय हे सारे तिने भोगले. डिसेंबर १९८३ मध्ये व्यसनमुक्तीसाठी बेटी फोर्ड केंद्रात दाखल झाल्याचे तिने लपवून ठेवले नाही. आजारपणाची लाज वाटून घ्यायची नाही, हे तिने स्वतःपुरते फार आधीच ठरवले असावे.

आणि विवाह! आठ विवाह, सात पती. हॉटेलसम्राटाचा मुलगा निकी हिल्टन, अभिनेता मायकेल वाइल्डिंग, निर्माता माइक टॉड, गायक एडी फिशर, दोनदा रिचर्ड बर्टन, पुढे सिनेटर झालेला जॉन वॉर्नर आणि शेवटी १९९१ मध्ये लॅरी फोर्टेन्स्की. यांपैकी माइक टॉड मार्च १९५८ मध्ये विमान अपघातात गेला, तेव्हा ती २६ वर्षांची होती. मृत मित्राच्या पत्नीचे सांत्वन करता करता एडी फिशरने स्वतःचा संसार मोडला आणि वर्तमानपत्रांनी टेलरला घर फोडणारी ठरवले. बर्टनशी 'क्लिओपात्रा'च्या सेटवर जुळलेल्या संबंधांवर तर व्हॅटिकनच्या मुखपत्रातूनही टीका झाली. सांगण्याचा हेतू इतकाच, की समाजाने एखाद्यावर बदनामीचा शिक्का मारला म्हणजे त्याला काय सोसावे लागते, हे तिला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

तिच्या दागिन्यांची खरी कहाणी बर्टनपासून सुरू होते. वेल्समधल्या खाणकामगाराचा हा मुलगा पैसा हाती आल्यावर पत्नीला हिऱ्यांनी मढवू लागला. १९६८ साली त्याने ३ लाख ५ हजार डॉलरना ३३.१९ कॅरटचा क्रुप हिरा घेतला. तो ती रोजच्या अंगठीसारखा वापरी. १९६९ साली ३७ हजार डॉलरना 'ला पेरेग्रिना' हा मोती घेतला. सोळाव्या शतकात पनामाच्या किनाऱ्यावर सापडलेला, स्पेनच्या राजघराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेला हा मोती लास व्हेगासच्या हॉटेलात तिच्या गळ्यातून निसटला आणि गालिच्यावर रांगत शोध घेतल्यावर अखेर पाळीव कुत्र्याच्या पिलाच्या तोंडात सापडला. चारशे वर्षांचा इतिहास त्या पिलाने सुदैवाने चावला नाही. त्याच वर्षी ६९.४२ कॅरटचा तो प्रसिद्ध हिरा आला. लिलावात कार्तिएकडे गेलेला हा हिरा बर्टनने दुसऱ्याच दिवशी ११ लाख डॉलर मोजून मिळवला.

आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा दागिना मात्र वेगळाच. फेब्रुवारी १९७२ मध्ये बुडापेस्टला टेलरच्या चाळिसाव्या वाढदिवशी बर्टनने तिला 'ताजमहाल' नावाने ओळखला जाणारा हृदयाकृती हिरा दिला. शहाजहानने तो मुमताजला दिला, अशी आख्यायिका त्याच्याभोवती आहे. गंमत अशी, की हिऱ्यावर कोरलेल्या फारसी लेखात नाव आहे ते जहांगीरची बेगम नूरजहाँ हिचे, आणि हिजरी सन १०३७, म्हणजे इसवी सन १६२७-२८. याच सुमारास जहांगीरचा मृत्यू होऊन शहाजहान गादीवर आला. हिरा सासरच्या कुणाकडून मुमताजकडे आला असेल तर आख्यायिका खरी. पण लेख तसे काही सांगत नाही. याच बर्टनने १९५५च्या एका हॉलिवूडपटात भारतीय डॉक्टरची भूमिका केली होती, हे जाता जाता.

दागिना विकून रुग्णांसाठी पैसा उभा करायचा, हा विचार तिच्या मनात एड्सच्या आधीच आला होता. १९७५ मध्ये बर्टनशी तिने दुसऱ्यांदा विवाह केला तो आफ्रिकेतील बोट्सवानात. तोही संसार वर्षभरात संपला. त्यानंतर १९७८ साली ६९ कॅरटचा तो हिरा तिने विक्रीस काढला आणि येणाऱ्या पैशातील काही भाग बोट्सवानात रुग्णालय बांधण्यासाठी देण्याचा मनोदय जाहीर केला. ऑगस्ट १९८४ मध्ये बर्टन स्वित्झर्लंडमध्ये अचानक गेला.

आता त्या आजाराकडे वळू. ५ जून १९८१ रोजी अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुण रुग्णांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. डॉ. मायकेल गॉटलिब यांच्या निरीक्षणातून पुढे आलेले हे टिपण म्हणजे एड्सची पहिली वैद्यकीय नोंद. रुग्ण समलिंगी पुरुष होते एवढे कळताच समाजाने पाठ फिरवली. रुग्णाच्या खोलीबाहेर जेवणाचे ताट ठेवून परिचारक निघून जात. अंत्यसंस्कार करणारे मृतदेह स्वीकारेनात. सरकारी संशोधनाचा पैसा गरजेच्या मानाने तुटपुंजा आणि खासगी दाते या नावानेच बिचकणारे.

१९८५च्या आरंभी लॉस एंजेलिसमधील एका रुग्णसेवी संस्थेने निधीसाठी मेजवानी ठरवली आणि अध्यक्षपदासाठी टेलरला गळ घातली. ती तयार झाली. मग तिने स्वतः दूरध्वनी उचलून हॉलिवूडमधील मातब्बरांना गाठायला सुरुवात केली. पण चार दशकांच्या ओळखी असूनही नकारामागून नकार येऊ लागले. ज्यांच्यासोबत तिने चित्रपट केले, ज्यांच्या घरी जेवली, ते या विषयाशी आपले नाव जोडले जाऊ नये म्हणून सबबी सांगत होते. २५ जुलै १९८५ रोजी 'जायंट'मधला तिचा नायक आणि जिवलग मित्र रॉक हडसन याला एड्स झाल्याचे जाहीर झाले आणि चित्र पालटले. पडद्यावरचा मर्दानी नायक या रोगाने जाऊ शकतो, हे अमेरिकेला प्रथमच दिसले. १९ सप्टेंबरच्या मेजवानीतून दहा लाख डॉलरहून अधिक निधी जमला. २ ऑक्टोबरला हडसन गेला. टेलर या कार्यात मित्राच्या मृत्यूमुळे आली, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. मित्राचा आजार जगाला कळला त्याआधीच तिने होकार दिला होता, आणि तिच्या चरित्रात हा काही महिन्यांचा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या संशोधक डॉ. मॅथिल्ड क्रिम यांची संस्था आणि डॉ. गॉटलिब यांच्या पुढाकाराने लॉस एंजेलिसमध्ये उभी राहात असलेली संस्था एकत्र येऊन 'ॲमफार' म्हणजेच अमेरिकन फाउंडेशन फॉर एड्स रिसर्च स्थापन झाली. हडसनने मृत्यूपूर्वी दिलेले अडीच लाख डॉलर हा तिच्या आरंभीच्या भांडवलाचा भाग होता. क्रिम शास्त्र सांभाळत, टेलर दरवाजे उघडी. सरकारी समित्यांना जे प्रस्ताव फार कच्चे किंवा धाडसी वाटत, अशा कल्पनांना लहान अनुदान द्यायचे, त्यातून काही हाती लागले की मोठा निधी आपोआप मागे येतो, ही संस्थेची रीत. चमकदार मेजवानीत जमलेल्या पैशाचे रूपांतर प्रयोगशाळेतील परीक्षानळीत होते ते असे.

वॉशिंग्टनमध्ये १९८६, १९९० आणि १९९२ साली तिने संसदीय समित्यांसमोर साक्ष दिली. समितीच्या खोलीत एरवी न फिरकणारे छायाचित्रकार तिच्यामुळे गर्दी करीत आणि मग रुग्णांच्या औषधपाण्याचा रुक्ष विषय पहिल्या पानावर येई. तिचे हॉलिवूडचे जुने स्नेही, राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन, या रोगाविषयी वर्षानुवर्षे जवळपास मौनच बाळगून होते. तिने पत्र लिहून गळ घातली आणि ३१ मे १९८७ रोजी ॲमफारच्या मेजवानीत ते या विषयावर प्रथमच सविस्तर बोलले. त्यांनी सुचवलेल्या सक्तीच्या चाचण्यांना श्रोत्यांतून निषेधाचे सूर उमटले. तरी देशाचा प्रमुख या रोगाचे नाव घेऊन उभा राहिला होता.

ही भीती केवळ अमेरिकेची नव्हती. भारतात १९८६ साली चेन्नईच्या डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या एचआयव्ही बाधितांची नोंद केली. १९८९ मध्ये गोव्यात रक्तदान केलेल्या डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, केवळ तो बाधित आढळला म्हणून, पोलिसांकरवी उचलून म्हापशाजवळच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटा कोंडून ठेवले होते. दूरच्या नटीने पत्रकारांच्या गर्दीत रुग्णांना मिठी मारली, या छायाचित्राचे मोल त्या काळी किती असेल, ते अशा घटनेवरून उमगते.

१९९१ मध्ये टेलरने आपली स्वतंत्र एलिझाबेथ टेलर एड्स फाउंडेशन काढली. ॲमफार संशोधनासाठी, तर ही प्रामुख्याने रुग्णांच्या प्रत्यक्ष सेवेसाठी: औषध, निवारा, जेवण, समुपदेशन. हिच्या आरंभीच्या भांडवलाची गोष्ट नमुनेदार आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये मायकेल जॅक्सनच्या नेव्हरलँड या वास्तूत फोर्टेन्स्कीशी विवाह झाला, आकाशात पत्रकारांची हेलिकॉप्टरे घिरट्या घालत होती. या विवाहाची छायाचित्रे तिने एका मासिकाला सुमारे दहा लाख डॉलरना विकली आणि तो पैसा संस्थेत घातला. ज्या उठवळ कुतूहलाने तिचे खासगी आयुष्य चाळीस वर्षे चघळले, त्याचेच तिने बिल वसूल केले म्हणायचे! सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातून मिळालेल्या अमाप पैशामुळे संस्थेचा कार्यालयीन खर्च ती स्वतः उचलू शकली. देणगीदाराचा पैसा पूर्णपणे रुग्णांकडे जावा हा तिचा आग्रह. १९९३ मध्ये ऑस्कर समितीने या कार्यासाठी तिला मानवतावादी पुरस्कार दिला, २००० साली ब्रिटनने 'डेम' किताब.

२३ मार्च २०११ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, हृदयविकाराने लॉस एंजेलिसमध्ये तिचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी अंत्यविधी झाला आणि तिच्याच इच्छेनुसार तो ठरल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटे उशिरा सुरू करण्यात आला. आयुष्यभर कुठेही वेळेवर न पोहोचलेल्या बाईने शेवटचा लौकिकही सांभाळला.

आणि मग तिच्या वस्तू निघाल्या. क्रिस्टीजने हा संग्रह मॉस्को, लंडन, दुबई, जिनिव्हा, पॅरिस, हाँगकाँग असा फिरवून अखेर न्यूयॉर्कला मांडला. लोकांनी तिकीट काढून रांगा लावल्या. १३ डिसेंबर २०११च्या सायंकाळी ८० दागिने ११ कोटी ५९ लाख डॉलरना गेले. एका व्यक्तीच्या दागिन्यांच्या लिलावाचा आधीचा विक्रम होता विंडसरच्या डचेसचा, पाच कोटी डॉलरचा. कपडे, पिशव्या आणि इतर वस्तू धरून त्या दिवसांतील एकूण विक्री १५ कोटी ६८ लाखांवर पोहोचली. ३७ हजारांचा तो मोती, वीस-तीस लाखांचा अंदाज असताना, कार्तिएने घडवलेल्या हारासह १ कोटी १८ लाखांना गेला. क्रुप हिरा ८८ लाखांना दक्षिण कोरियाच्या एका उद्योगसमूहाने घेतला. त्याचे नाव आता 'एलिझाबेथ टेलर हिरा' आहे. पाश्चर इन्स्टिट्यूटसाठी विकत घेतलेल्या त्या तीन पिसांच्या ब्रोचला १३ लाख १४ हजार डॉलर मिळाले, तिने मोजले होते त्याच्या दुपटीहून अधिक.

हा सगळा पैसा एड्ससाठी गेला, असा समज सहज होतो आणि तो दुरुस्त करायला हवा. डचेसच्या दागिन्यांचा पैसा संशोधन संस्थेचा होता. टेलरच्या लिलावात मात्र प्रदर्शनाची तिकिटे, समारंभ आणि निवडक प्रकाशने यांतून झालेल्या नफ्याचा एक भाग तिच्या एड्स संस्थेला देण्यात आला. दागिन्यांची किंमत तिच्या ट्रस्टची. चार मुले, नातवंडे असलेल्या स्त्रीने तसे ठरवले असेल तर त्यात गैर काही नाही, पण मोठ्या आकड्यांच्या झगमगाटात हा भेद विसरला जातो. ताजमहाल हिऱ्याचे तर वेगळेच झाले. ८८ लाखांची बोली लागली खरी. पुढे त्याच्या मोगल वारशाविषयी खरेदीदाराने शंका काढली, क्रिस्टीजने विक्री रद्द केली आणि टेलरचा ट्रस्ट न्यायालयात गेला.

संस्थेसाठी तिने करून ठेवलेली खरी तरतूद मात्र कुठल्याच पेटीत नव्हती. तिचे नाव आणि छायाचित्र वापरण्याच्या हक्कांतून जे उत्पन्न येईल, त्याचा एक चतुर्थांश हिस्सा तिने कायमचा एड्स फाउंडेशनच्या नावे लिहून दिला, आणि कार्यालयीन खर्चाचा भार ट्रस्टवर टाकला. त्यामुळे तिच्या नावाची सुगंधी कुपी विकली गेली, की त्यातील काही वाटा आजही या संस्थेकडे जातो.